हड होम : आधी राहणाऱ्याचा हक्क, मग गुंतवणूकदाराचा

अमेरिकेत सरकार जप्तीतली घरं कवडीमोलानं विकतं, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. मी ओहायोत अशी घरं, म्हणजे ‘हड होम’, घेऊन, दुरुस्त करून भाड्यानं देतो, म्हणून नीट सांगावंसं वाटतं.

एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, ही १९३४ सालची सरकारी संस्था. ती स्वतः कर्ज देत नाही, बँकेनं दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. त्यामुळे गाठीशी किमतीच्या साडेतीन टक्के असले तरी सामान्य कुटुंबाला घर घेता येतं. हप्ते थकले की बँक घर जप्त करते, विम्याची रक्कम घेते आणि घर केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे ‘हड’कडे, सोपवते. हड ते विकायला काढतं. म्हणजे यातलं प्रत्येक घर कुणाचं तरी मोडलेलं बस्तान असतं, हे मी विसरू शकत नाही.

विक्री ‘हड होमस्टोअर’ या संकेतस्थळावरून होते. आपण थेट बोली लावू शकत नाही. खात्याकडे नोंदलेला ब्रोकरच लावतो, आणि दुसऱ्याची बोली कुणाला दिसत नाही. सुरुवातीचा काळ मात्र स्वतः राहायला घेणाऱ्यांसाठी, सेवाभावी संस्थांसाठी आणि स्थानिक प्रशासनासाठी राखीव. त्यातून उरेल ते आमच्यासारख्यांना.

हा नियम मला मनापासून पटतो, आणि तो मोडायचे सल्ले ऐकले की संताप येतो. ‘बायकोच्या नावानं राहायला म्हणून घे, महिन्याभरात भाडेकरू ठेव,’ असं सुशिक्षित माणसंही सुचवतात. राहायला घेणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की निदान बारा महिने मी इथेच राहीन आणि गेल्या चोवीस महिन्यांत असं घर घेतलेलं नाही. खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात तुरुंगवासही होऊ शकतो. पण शिक्षेचं सोडा. त्या खोट्या सहीमुळे हक्काचं घर हुकतं ते एखाद्या परिचारिकेचं नाहीतर ट्रक चालवणाऱ्याचं. ठरावीक वस्त्यांत तर शाळाशिक्षक, पोलीस आणि अग्निशमन जवानांना हड निम्म्या किमतीत घर देतं, छत्तीस महिने तिथे राहण्याच्या अटीवर. त्यात मला काडीचाही अन्याय दिसत नाही.

आमच्या वाट्याला बहुधा येतात ती दुरुस्तीला भारी घरं. घर आहे त्या स्थितीत घ्यायचं, हड एक खिळाही बदलून देत नाही. थंडीत नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकलेलं असतं, कमोडवर चिकटपट्टी लावलेली असते. नळ तपासायचे तर आधी परवानगी काढायची आणि पाणी सुरू करण्याचा खर्च आपण सोसायचा. हे टाळू नका. रिकाम्या घरांतून तांब्याचे पाइप चोरीला जाणं इथे सर्रास चालतं, आणि ती चोरी भिंतीआड असते. घर १९७८ पूर्वीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. लहान मुलांचं कुटुंब भाड्यानं राहणार असेल तर त्याचा बंदोबस्त आधी.

बोली मान्य झाल्यावर गुंतवणूकदारानं माघार घेतली की अनामत सहसा बुडते. म्हणून छप्पर, घर गरम ठेवणारी भट्टी आणि सांडपाण्याची लाइन यांच्या दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज मी मिस्त्रीकडून आधीच घेतो. तो आकडा जमत नसेल तर बोली लावतच नाही, किंमत कितीही उतरलेली दिसो.