दाभोळ खाडीची वही: दिवाळी ते शिमगा

पावसाळाभर वही बंद होती. खाडीला मिळणारी वाशिष्ठी नदी लाल पाणी घेऊन उतरते तेव्हा वरच्या अंगाला, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर रिफ्रॅक्टोमीटरची (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) रेघ शून्यावरून हलत नाही आणि गाळणीत नुसता पालापाचोळा येतो. दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली. यंदा जाती मोजत बसायचं नाही, कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतल्या अंडीवाल्या माद्या कुठे नि कधी दिसतात एवढंच टिपायचं ठरवलं.

सगळ्यात आधी सापडले मायसिड, कोळंबीसारखे दिसणारे बारके जीव, तेही खालच्या अंगाला, दाभोळच्या बाजूला. बाजारात हे जवळ्यातच खपून जातात. पण भिंगाखाली धरा: शेपटीच्या पंख्यात दोन्हीकडे एकेक काचेचा मणी दिसला की मायसिड. तो त्यांचा तोल सांभाळणारा अवयव. जवळ्याला तो नसतो, उलट शेपटीच्या बुडाशी लाल ठिपके असतात. माझ्याकडे आलेल्यांचे डोळे लांबलचक दांड्यांवर होते, म्हणजे बहुधा मायसिडांतला मेसोपोडोप्सिस हा प्रकार. मादीच्या पायांमध्ये पिशवी असते. पिल्लं मोठी झाली की त्या पिशवीतून काळ्या डोळ्यांच्या जोड्या ओळीने दिसतात. पिल्लं थोडीच, पण बाहेर पडतात ती आईबापांसारखीच होऊन; मधे पाण्यावर तरंगणारी अळी नाही. जवळा याच्या अगदी उलट. अंडी थेट पाण्यात सोडून मोकळा.

तिवरांखाली कुजणाऱ्या पानांत अँफिपॉड, म्हणजे कोळंबीच्याच दूरच्या नात्यातले बारके जीव, मिळाले. त्यांच्यातही पिशवीच. एका ताटलीत नर मादीला पोटाशी धरून तासभर फिरत होता, सोडायला तयार नाही. मादीने कात टाकली की लगेच, थोड्याच वेळात मीलन व्हावं लागतं, म्हणून तो आधीपासून जागा अडवून बसतो.

फिडलर खेकड्यांनी मात्र दमवलं. ओहोटीला चिखलावर नांग्या हलवणारे नर ढिगाने, पण अंडीवाली मादी दिसेल तर शपथ. यांच्यातल्या ऑस्ट्रुका गटातल्या माद्या नराच्या बिळात शिरतात आणि साधारण दोन आठवडे तिथेच अंडी पोटाखाली धरून बसतात. बिळं उकरायची नाहीत हा माझा नियम, त्यामुळे वाट बघणंच आलं. अंडी पिकली की त्यांत डोळ्यांचे ठिपके उमटतात, आणि मादी उधाणाच्या आसपास, रात्रीच्या मोठ्या भरतीला अळ्या पाण्यात सोडते. ओसरतं पाणी त्यांना समुद्राकडे ओढून नेतं. म्हणून पंचांग जवळ ठेवतो. भरतीच्या वेळेसाठी आपला जुना ठोकताळा, तिथीची पाऊणपट, अजून बऱ्यापैकी चालतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि तीही भांगाची, छोटी, म्हणजे त्या दिवशी घरी बसलेलं बरं. पौर्णिमेच्या रात्री टॉर्चच्या उजेडात पाण्याच्या कडेला अखेर माद्या दिसल्या, पोट झटकणाऱ्या. गाळणीतला थेंब काचेवर घेतला तर टोकदार काट्यांच्या झोईया अळ्या वळवळत होत्या.

आता खरा घोळ. ही खाडी इतर खाड्यांसारखी वागत नाही, कारण कोयनेचं पाणी. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी करत वीज काढून झालेलं पाणी वाशिष्ठीत येतं. कृष्णेच्या पाण्याचं राज्याराज्यांत वाटप करणाऱ्या कृष्णा लवादाने त्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवली आहे. म्हणजे मे महिन्यातही वरून गोडं पाणी चालूच. अंजर्ल्याला जोग नदीच्या खाडीत उन्हाळ्यात खारं पाणी जसं आत घुसतं आणि मायसिडही सोबत वर सरकतात, तसं इथे होत नाही. मला ते गोवळकोटला अजून एकदाही मिळालेले नाहीत. माझा अंदाज असा की पिशवीवाल्यांना ही रोजची खारं-गोडं उलथापालथ मानवते, पिल्लं आईजवळच असतात. अळ्या सोडणाऱ्यांना मात्र वेळ साधावीच लागते. अंदाजच आहे, धक्क्यावर उभं राहून एवढंच कळतं. आणि वरच्या अंगाला पाण्यात उतरून बघायचा मोह कुणाला झाला तर लक्षात असू द्या, तिथे मगरी आहेत. चिपळूणकर त्यांना बघायला होडीतून जातात, तुम्हीही होडीतूनच जा.

शिमग्यानंतर दाभोळ, गोवळकोट आणि अंजर्ले अशा तिन्ही ठिकाणी एकाच तिथीला पाणी गाळायचा बेत आहे. जाळी २०० मायक्रॉनची वापरतोय. बाणकोट किंवा जयगड खाडीवर कुणी असेल तर तीच जाळी, तीच तिथी धरा, म्हणजे नोंदी एकमेकांशेजारी मांडता येतील. अंडीवाली मादी मिळाली तर फोटो पोटाकडून काढा, पाठीकडून काहीच कळत नाही.