आत नेणारा कागद

बंद पडलेल्या मनोरुग्णालयांची चित्रणे हल्ली मोबाइलवर वारंवार समोर येतात. गळके छप्पर, गंजलेल्या खाटा, भिंतीतून उगवलेले झाड आणि त्यावर भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा आवाज, असा त्यांचा साचा ठरलेला असतो. मला ती पाहवत नाहीत, कारण त्या खोल्यांत राहिलेली माणसे कुणाच्या तरी घरची होती. काही ठिकाणी तर जमिनीवर पडलेले केसपेपर कॅमेऱ्यासमोर धरून त्यांवरची नावे आणि निदानेही दाखवली जातात. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती आणि छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. रुग्ण मरून गेला आणि इमारत पडली म्हणजे ही मर्यादा उरत नाही, असे मला तरी वाटत नाही.

या पडक्या वास्तूंत खरोखर पाहण्यासारखे काही असेल, तर ते इटलीतील व्होल्तेरा येथे आहे. तेथील मनोरुग्णालयात फेर्नान्दो ओरेस्ते नान्नेत्ती नावाचा एक रुग्ण होता. त्याने रुग्णालयाच्या गणवेशातील जाकिटाच्या बकलाने अंगणाच्या भिंतीचा गिलावा कोरून लिहायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ते लेखन सुमारे 180 मीटर लांबीपर्यंत पोहोचले. त्यात ग्रहतारे होते, युद्धे होती, आकृत्या होत्या. स्वतःला तो नक्षत्रांचा कर्नल म्हणवत असे. एका परिचारकाने ते अक्षर लावून वाचले, म्हणून त्या मजकुराचा अर्थ बाहेर कळू शकला. इटलीने 1978 मध्ये कायदा करून अशी रुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद केली, व्होल्तेराचेही दार बंद झाले, आणि उघड्यावर राहिलेल्या त्या भिंतीचा गिलावा पुढे झडत गेला. इतक्या मोठ्या संस्थेत एका माणसाला आपले म्हणणे मांडायला भिंतीखेरीज जागा नसावी, ही गोष्ट मला कोणत्याही भुताटकीपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

त्या काळच्या उपचारांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, भूल न देता दिलेले विजेचे झटके, मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडणारी शस्त्रक्रिया हे सारे त्या त्या वेळी वैद्यकशास्त्राची प्रगती म्हणूनच स्वीकारले गेले होते, आणि त्या शस्त्रक्रियेसाठी एगास मोनिश यांना 1949 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले होते. 1952 च्या सुमारास क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरात आल्यावर चित्र पालटू लागले. उपचार चुकतात आणि सुधारतातही. पण एखाद्याला वेडा ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हाती असावा आणि तसे ठरल्यावर त्याच्या शब्दाला काय किंमत उरावी, हा प्रश्न औषधाने सुटत नाही. कोल्हापूरकरांना तर तो आपल्या गादीच्या इतिहासातूनच ठाऊक असायला हवा.

राजाराम महाराजांचे 1870 मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन झाले आणि पुढच्या वर्षी चौथे शिवाजी महाराज दत्तक म्हणून गादीवर आले. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. शिक्षण, दिनक्रम, सोबतीची माणसे, सगळे इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होते. पुढे त्यांना वेड लागल्याचे सांगण्यात आले, कारभार त्यांच्या नावाने दुसऱ्यांनी चालवला, आणि त्यांचा छळ होत असल्याच्या वार्ता गावभर पसरल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने या प्रकरणात दिवाण महादेव बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पुरावा म्हणून पुढे केलेली पत्रे बनावट निघाली, आणि 1882 मध्ये टिळक व आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. शाळेत आपण एवढेच शिकतो. ज्यांच्यासाठी हे सारे घडले, त्या महाराजांचे पुढे काय झाले हे पुष्कळांना सांगता येत नाही. त्यांना तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि 25 डिसेंबर 1883 रोजी, ग्रीन नावाच्या पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

महाराजांना आजार होता की नव्हता, यावर आजही वाद घालता येईल. माझे म्हणणे एवढेच आहे की आजार होता असे धरले, तरी त्यांना शुश्रूषेची गरज होती. मिळाला तो पहारा. छत्रपतींच्या बाबतीत हे घडू शकले, तर रस्त्यावर भटकताना सापडलेल्या गरिबाला कुणी विचारले असेल? 1858 च्या कायद्याने अशा माणसाला पोलिसांनी धरून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि डॉक्टरच्या दाखल्यावर वेड्यांच्या इस्पितळात धाडावे, अशी सोय केली होती. त्याच धर्तीचा 1912 चा कायदा स्वतंत्र भारतातही 1993 पर्यंत चालू राहिला. आत नेणारा कागद सहज तयार होई, बाहेर आणणाऱ्या कागदासाठी मात्र घरचे माणूस यावे लागे.

आणि घरचे माणूस येतेच असे नाही. आमच्या पेठेतल्या एका घरातली थोरली सून अशीच लांबच्या इस्पितळात पोहोचवली गेली. आधी देवऋषी झाले, नरसोबाच्या वाडीला खेपा झाल्या, मग डॉक्टर. सुरुवातीला दिवाळीला डबा घेऊन कुणीतरी जाऊन येत असे, नंतर तेही थांबले. काही वर्षांनी त्यांच्या घरी एका अर्जासाठी मदत करताना रेशन कार्ड माझ्या हातात आले. बाईंच्या नावावर लाल शाईची रेघ होती आणि पुढे ‘कमी केले’ असा शेरा होता. बाई हयात होत्या. गोळ्या लागू पडून त्या शांत झाल्याचे इस्पितळाने पत्राने कळवलेही होते. त्यांच्या सासूबाई मला म्हणाल्या, ‘‘आणून ठेवायचं कुठं, बाळ? पोरींची लग्नं व्हायची हाईत.’’ त्या दुष्ट नव्हत्या. दोन खोल्यांचे घर, लोक काय म्हणतील ही धास्ती आणि पुन्हा बिघडले तर काय, ही भीती त्यांना होती. ती निराधार होती असे मी म्हणणार नाही.

2017 च्या कायद्याचे एकोणिसावे कलम मला म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे ते स्पष्ट सांगते आणि अशांसाठी समाजात राहण्याच्या सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये. आपल्याला जवळचे रत्नागिरी, तेही आंबा घाट उतरून. बरे झालेल्या माणसाने तिथून निघून कोल्हापुरात यायचे, तर देखरेखीखाली राहता येईल, औषध चालू राहील आणि हाताला काही काम मिळेल अशी घरे इथेच, शहराच्या वस्तीत हवीत. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी, अशी मागणी आपल्या नगरसेवकाकडे आणि जिल्हा परिषद सदस्याकडे लेखी करता येते. मी माझ्या प्रभागापुरता तो अर्ज लिहायला घेतला आहे. सही करायची असेल त्यांनी जरूर कळवावे.