पगार किती असतो?

सोलापुरात अशोक चौकात परवा एका बाईंनी थांबवलं. "अक्का, तुम्हीच ना ते टीव्हीत काम करलालेल्या? आमच्या पोरीला पण तेच करायचंय म्हणं. पगार किती असतो त्याला?" पोरगी शेजारीच उभी, बारावीतली. "मम्मी, असं विचारतेत का!" म्हणून तिने मान फिरवली.

मला वाटतं विचारावं, आणि असंच विचारावं. युवा महोत्सवापासून नाट्यशिबिरांपर्यंत मी जेवढी भाषणं ऐकली त्यांत साधना होती, तपश्चर्या होती, रंगदेवता तर हटकून होती. ह्या प्रश्नाला मात्र कुणी हात लावला नाही. म्हणून आज तेवढंच लिहिते.

तर पगार नसतो. व्यावसायिक नाटकात 'नाईट' मिळते, म्हणजे एका प्रयोगाचे ठरलेले पैसे. पावसात प्रयोग रद्द झाला की नाईट गेली. तालमीच्या महिन्याभराचं काही मिळेल की नाही हे निर्मात्यावर. मालिकेत 'पर डे' ठरतो, शूटला बोलावतील तेवढ्या दिवसांचे पैसे. दिवस किती लागणार ते गोष्टीच्या हातात. मालिकेतली मावशी गावाला गेली की मावशीचं काम करणारी बाई घरी बसते. सिनेमात बहुतेकदा एकरकमी ठरतं. आणि हौशी रंगभूमीवर, जिथे आपण सोलापूरकर सगळे सुरू करतो, तिथे नटाला पैसे नाहीत. उलट खिशातलेच जातात.

हे सगळं घरात पहिल्यांदा नीट कळलं ते अम्माला. आमची अम्मा विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्वभागात, आमच्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, निम्म्या घरांत तेच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने पत्र्याच्या मापावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळून दोरा. मजुरी दर हजार विड्यांमागे. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथे छाट निघायची. बारीक झाली, सैल झाली म्हणून विड्या बाजूला टाकायचे. वळायची मेहनत आपली, छाटीचे पैसे नाहीत. मी तिला नाईट, पर डे आणि ऑडिशन समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की. हजारीवर. आणि ते ऑडिशन म्हणजे छाट." पुढे थोडा विचार करून, "पण आम्हाला विडीत फंड तरी आहे. तुला काय हाय?"

ह्याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. विडी कामगाराला कार्ड असतं, प्रॉव्हिडंट फंड असतो. तोही लढून मिळवलेला. नटीला निघताना मिळते ती दुसऱ्या दिवशीच्या कॉल टाइमची, म्हणजे सेटवर पोचायच्या वेळेची चिठ्ठी, तीही दुसरा दिवस असला तर.

आता त्याहून कठीण गोष्ट. मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. जुलैत शूट केलं, महिनाअखेर बिल दिलं, की रक्कम ऑक्टोबरअखेर. कोऑर्डिनेटरने काम आणलं असेल तर त्याचे दहा-पंधरा टक्के, कधी वीसही, त्यातून जातात. वर दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर. मुंबईतला घरमालक नव्वद दिवस थांबत नाही. त्याला पाच तारखेला भाडं लागतं आणि आत शिरायच्या आधी डिपॉझिट. चारकोपला आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. तिघींची मिळून तीन मालिकांकडे येणी असायची आणि तिघींत मिळून दुधाच्या पिशवीला सुटे नसायचे. एका मालिकेचे पैसे तर अजून यायचेत. मालिका संपली, त्यातली नायिका आता दुसरीकडे सासूचं काम करते.

सोलापुरात हे बोललं की लोक दोन नावं तोंडावर फेकतात. एक अतुल कुलकर्णी, दुसरी अकलूजची रिंकू राजगुरू. दोन्ही नावं अभिमानाचीच, पण ती एका दमात घेऊ नयेत. अतुल कुलकर्णींनी इंजिनिअरिंग सोडलं हे सगळ्यांना पाठ असतं. ते सोलापुरात 'नाट्य आराधना'त नाटकं करत होते, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षं शिकले आणि १९९५ साली बाहेर पडले, हे कुणी सांगत नाही. पुढे 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार. म्हणजे तो रस्ता शिक्षणाचा आहे. तिथे प्रवेशाला पदवी लागते, नाटकांचा अनुभव लागतो, शिष्यवृत्ती मिळते. आईवडिलांना समजावायला सोपा रस्ता, फक्त जागा मोजक्या. रिंकू शाळेत होती, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी तिला निवडलं. मुलीत ऐवज होता म्हणूनच 'सैराट'साठी राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला. पण दिग्दर्शक आपल्या गावात येऊन आपल्याला बघेल, हा बेत होऊ शकत नाही. तो योग. योगावर घरभाडं ठरवता येत नाही.

सोलापूर काय देतं मग? भरपूर देतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेची नाटकं सुरू झाली की आमच्यासारख्यांची तीच दिवाळी. दिवसभर नोकरी, रात्री तालीम, नेपथ्य आपणच ढकलायचं, मेकअप एकमेकांचा. बँकेतला कॅशियर बादशहा होतो. तिथे मला कळलं की शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत कुजबुजसुद्धा पोचवता येते. अभिनयाचं रौप्यपदक मिळालं त्या वर्षी मला वाटलं होतं, आता मुंबई चार पावलांवर. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी दादर. गाडी खरंच तेवढीच लांब आहे. फक्त तिकडे पोचल्यावर कुणी पदक विचारत नाही. उंची विचारतात, वयोगट विचारतात आणि 'अमुक तारखांना मोकळ्या आहात का' विचारतात.

म्हणून त्या पोरीला मी सांगितलं, आधी असं एक काम शीक, जे फोन आला की टाकून निघता येईल आणि परत आलं की तिथूनच उचलता येईल. नऊ ते सहाची नोकरी ह्यात बसत नाही. दुपारी दोनला निरोप येतो, सहापर्यंत व्हिडिओ पाठवा. आमच्यातले कुणी शिकवण्या घेतात, कुणी लग्नाची निवेदनं, कुणी शाळांची गॅदरिंग बसवतात. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगवाले माझ्यापेक्षा जास्त कमावतात, हे खरंच सांगते.

माझं काम डबिंगचं. आणि ते मिळालं घरच्या तेलुगूमुळे. स्पर्धेच्या तालमीत एक दिग्दर्शक सारखे म्हणायचे, "तुझ्या मराठीत तेलुगू वाजतंय गं, घासून काढ." घासलं. ण आणि ळ तासले. नंतर दक्षिणेतले सिनेमे मराठीत डब व्हायला लागले, तेव्हा मूळ संवाद कानाने कळणारी आणि मराठीत बोलणारी माणसं हवी होती. अशी माणसं पूर्वभागात गल्लीगल्लीत आहेत.

हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. एक लूप घ्या, म्हणजे एका दमात डब करायचा संवादाचा तुकडा. पडद्यावरची बाई म्हणते, "चेप्पानु कदा." सांगितलं होतं की, असा अर्थ. पण 'प्पा'ला तिचे ओठ मिटलेले दिसतात, आणि 'सांगितलं की' म्हणताना माझे ओठ कुठेच मिटत नाहीत. प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. मग आम्ही घेतो "आधी बोलले ना." 'बो'ला ओठ मिटतात, शेवटी 'ना'वर तोंड उघडं राहतं, तिचंही उघडंच असतं. तेलुगूत जवळपास प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे वाक्याच्या शेपटीला ना, की, गं, रे लावून आम्ही तोंड उघडं ठेवतो. सोलापूरकराला 'की' लावायला शिकवावं लागत नाही. शिवाय धापा, हुंदके, जिन्यावरून पडल्याचं ओरडणं हे वेगळं रेकॉर्ड होतं. एका दुपारी मी सात बायकांची रडणी रडले आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली.

आणि हुतात्मात कमावलेला गळा तिथे आधी आवरावा लागतो. माइकपाशी इंजिनिअर म्हणतो, "मॅडम, अर्धं करा." अर्धं केलं की म्हणतो, "त्याचं अर्धं."

आता मी सोलापुरातच राहते, काम असेल तेव्हा जाते. आवाजाचे नमुने आणि ऑडिशनचे व्हिडिओ घरूनच. अडचण एकच, शेजारी यंत्रमाग. दिवसभर खटखट. त्यामुळे माझी ऑडिशन कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत होते. माग थांबले की फोन आडवा लावायचा, मागे साधी भिंत, नाव, उंची, राहणार कुठे, डावी बाजू, उजवी बाजू, आणि चालू. आवाज घुमू नये म्हणून दोरीवर चादरी टाकलेल्या असतात, ह्या गावात चादरींना तोटा नाही. मध्येच अम्मा दारातून, "काय करलालीस गं एकटीच?" म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. सुट्टी संपायच्या आत.

त्या बाईंनी शेवटी विचारलं की एका ठिकाणी कार्ड काढायला आणि फोटो काढायला पैसे मागितलेत, द्यावेत का. नाही. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, 'रोल पक्का, फक्त ॲडव्हान्स' असं कुणी म्हणालं की तिथेच उठायचं. काम देणारा पैसे देतो, उशिरा का होईना. मुलगी एकटी जाणार असेल तर पत्ता घरी कळवून जायचं, आणि ऑडिशन हॉटेलच्या खोलीत बोलावली तर जायचंच नाही.

एक राहिलं. टीडीएस कापतात म्हणून कुरकुर करण्यापेक्षा मुदतीत रिटर्न भरा. आमची वर्षाची कमाई बहुतेकदा एवढी नसतेच की तो कर लागावा, कापलेला परत येतो. आमच्यातली निम्मी माणसं भरत नाहीत, का ते त्यांनाच माहीत. मला मागच्या वर्षीचा रिफंड आला त्यातून माइक घेतला, त्याचं स्टँड ह्या वर्षीच्या रिफंडातून घ्यायचंय.