नडगी, दोन लिटरचा कुकर आणि यवतेश्वरचा घाट

डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून वीतभर वर, अंगठा दाबला की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. तिथून दोन बोटं वर दाबलं तर काही नाही, दोन बोटं खाली दाबलं तरी काही नाही. त्याआधी महिनाभर नडगीची सगळी कड ठणकायची, पण पळायला लागल्यावर दोनेक किलोमीटरमध्ये मोकळी व्हायची, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता पळताना दुखणं कमी होण्याऐवजी वाढायला लागलं, आणि एका रात्री नुसतं अंथरुणात पडल्या पडल्याही ठणका सुरू झाला. पळणाऱ्या कुणाला हे वाचताना स्वतःची नडगी आठवली, तर एवढं लक्षात ठेवा: सगळी कड दुखणं वेगळं आणि एकच जागा दुखणं वेगळं. एकाच जागेचं दुखणं पळून मोकळं होत नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं.

मी मूळची बार्शीची. 2016 मध्ये साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी लागली, तेव्हापासून समर्थ मंदिराच्या भागात भाड्याच्या खोलीत एकटी राहते. वय 38, लग्न केलेलं नाही. मी इथे आले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यांचं मोही गाव याच जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं. आमच्या संस्थेत माणकडच्या दोघीजणी होत्या, त्या कितीतरी दिवस दुसरं काही बोलतच नव्हत्या. आपणही पळावं असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. प्रत्यक्ष बूट घ्यायला आणखी पाच वर्षं गेली.

साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. अजिंक्यतारा डोक्यावर, पलीकडे यवतेश्वरचा घाट, घाटाच्या पुढे कास. इथे 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून निघायचं, घाट चढायचा, वर वळसा घ्यायचा आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं, सगळं मिळून 21.1 किलोमीटर. लोक लांबून लांबून येतात. पहिल्यांदा मी ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिली. माझ्या आईच्या वयाच्या एक बाई पावसात, धुक्यात, हसत उतरत येत होत्या. त्या दिवशी मी ठरवलं.

पहिल्या दोन वर्षांत पाचाचे दहा किलोमीटर झाले, दहाचे पंधरा झाले. सपाटीवर एक हाफ 2 तास 14 मिनिटांत झाली. वजन सहा किलोनं उतरलं आणि सगळीकडून कौतुक व्हायला लागलं. ऑफिसमध्ये, नात्यात, लग्नाकार्यात, जो भेटेल तो म्हणायचा, किती छान बारीक झालीस! पाळी लांबायला लागली होती, आधी चाळीस दिवसांनी, मग पन्नास, एकदा सत्तर. कटकट कमी झाली म्हणून मला बरंच वाटलं होतं. हे लिहायला संकोच वाटतोय, पण हे गाळलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ उरणार नाही.

नडगी दाखवायला आधी जवळच्याच एका दवाखान्यात गेले. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. त्या खाऊन मी आणखी अकरा दिवस पळाले. हाडाला नुकतीच इजा झाली असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बहुतेक वेळा दिसत नाही, हे मला नंतर कळलं. शेवटी डाव्या पायावर एकदा उडी मारून पाहिली आणि खाली बसले. मग पुण्याला जाऊन खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं, एमआरआय केला. हाडाला सूज होती. तडा गेलेला नव्हता, पण आणखी थोडे दिवस गोळ्या खाऊन पळाले असते तर गेला असता.

त्या मॅडमनी नडगीबद्दल दहाच मिनिटं विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काल रात्री काय जेवलात?"

मी म्हटलं, दूध आणि बिस्किटं.

"परवा?"

परवाही तेच होतं. सकाळी पळायच्या आधी काही नाही. पळून आल्यावर चहा-खारी. दुपारी मेसचा डबा, दोन पोळ्या आणि पातळ रस्सा. रात्री एकटीसाठी कुठे कुकर लावायचा, म्हणून जे हाताला लागेल ते. आठवड्याला चाळीस किलोमीटर पळणारी बाई हे खाऊन राहत होती.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं: हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून येतं. पळण्यानं झीज वाढते, ते ठीक आहे, त्यातूनच हाड बळकट होतं. पण भरायला माल लागतो. खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं आणि ज्याच्यावाचून आजचा दिवस निभतो ते आधी बंद करतं. पाळी त्यातली पहिली. पाळी थांबली की हाडांना सांभाळणारं संप्रेरकही कमी होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. ती फक्त पदकं मिळवणाऱ्यांना होत नाही, नोकरी सांभाळून पळणाऱ्यांनाही होते, पुरुषांनाही होते. माझ्या रक्तात ड जीवनसत्त्व 11 होतं आणि लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, 9. दोन्ही फार कमी.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. इतकी वर्षं नातेवाईक म्हणत आले, एकटी आहेस म्हणून पळायला वेळ मिळतो. वेळ मिळतो हे खरंच आहे. पण घरात दुसरं माणूस असलं की तुम्ही न जेवता झोपलात तर कुणीतरी विचारतं. एकटं राहणाऱ्याचं न जेवणं कुणाला दिसत नाही. माझं मलाही दिसलं नव्हतं. ते दिसायला एमआरआयचे सात हजार रुपये पडले.

सहा आठवडे पळणं बंद. पहिला आठवडा फार वाईट गेला. पहाटे पावणेपाचला जाग यायची आणि काय करावं कळायचं नाही. संध्याकाळी खोलीत बसवत नसे. पळणं हीच माझी सोबत होती, ती गेली. आईला फोन केला तेव्हा रडू आलं. आई म्हणाली, "पळायचं राहू दे. आज भाकरी कर आणि खाल्लीस की मला फोन कर." मी तीन वर्षांत भाकरी थापली नव्हती. पहिली फाटली, दुसरी करपली, तिसरी बरी झाली. तिसरी शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली आणि आईला फोन केला. पुढे सहा आठवडे रोज रात्री जेवून झालं की मी फोन करत होते.

खाण्याची घडी बसवायला पळण्यापेक्षा जास्त शिस्त लागली. दोन लिटरचा छोटा कुकर आणला. तोपर्यंत माझ्याकडे पाच लिटरचा होता आणि त्यात एका माणसाचा भात लावायचा म्हटलं की हात आखडायचा. नवा कुकर आला आणि वरण-भात रोजचा झाला. रविवारी मटकी आणि मूग भिजवून मोड आणायचे, बुधवारी पुन्हा. थालीपिठाची भाजणी आई पाठवते. खोबऱ्याची नाहीतर तिळाची चटणी, दही, दोन अंडी. शेंगदाणे-गुळाचे लाडू डब्यात कायम. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. हा चहा पुढे ढकलणं मला सगळ्यात अवघड गेलं. ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. तिसऱ्या महिन्यात पाळी वेळेवर आली. आधी तिची कटकट वाटायची, त्या दिवशी मी साखर टाकून शिरा केला.

पायाचं काम साधं होतं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली, आधी गुडघे ताठ ठेवून, मग थोडे वाकवून. गुडघा वाकवला की पोटरीच्या आतला स्नायू काम करतो आणि पळताना नडगीवर येणारा भार बऱ्यापैकी तोच सांभाळतो. पंधरा-पंधराचे तीन वेळा. महिन्यानं पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो ज्वारी भरून तेच. मग अर्धा तास चालून काही दुखत नाही असे सलग पाच दिवस गेल्यावर पळणं सुरू, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. त्या पहिल्या एका मिनिटात मी रस्त्यावर एकटीच हसत होते.

याच दिवसांत दूधवाटपाची सोय लागली. घरमालकीण काकू वरच्या मजल्यावर राहतात, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. दुधाच्या पिशव्या खाली फाटकाला अडकवलेल्या असतात. मी म्हटलं, पळून आले की दूध मी वर आणून देत जाईन. सातपर्यंत दूध आलं नाही तर मला फोन करा, मी उचलला नाही तर या मैत्रिणीला करा. पहाटे अंधारात एकट्या बाईनं पळायचं तर शिट्टी, चमकणारा पट्टा, मैत्रिणीच्या फोनवर आपलं ठिकाण दिसत राहणं, हे सगळं हवंच, आणि ते माझ्याकडे आहेच. पण आपण परत आलो की नाही हे पाहणारं एक माणूस हवं. एकदा घाटाच्या पायथ्याशी कुत्र्यांनी अडवलं आणि मला सव्वासात झाले. सात वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला होता. त्या फोननं मला किती धीर दिला ते काकूंना मी अजून नीट सांगू शकलेले नाही.

वेग मी मुद्दाम उतरवला. आधी किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागायची, आता साडेआठ. पळता पळता तेराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा आणि मध्ये दम घ्यावा लागला तर वेग जास्त आहे असं समजायचं. घड्याळापेक्षा मला पाढा बरा वाटतो. चढावर तेर चोक बावन्नलाच श्वास तुटला तर सरळ चालायचं. मागून येणारी पोरं पुढे निघून जायची. पहिले काही दिवस वाईट वाटलं, मग नाही.

उतार मात्र शेवटपर्यंत राखून ठेवला. लोकांना वाटतं घाटात चढ अवघड. फुप्फुसांना चढ अवघड, पण हाडांना आणि मांड्यांना उतार. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराला लगाम घालावा लागतो आणि तो हिसका नडगी सोसते. म्हणून चौदा आठवडे मी घाट पळत किंवा चालत चढले आणि उतरताना चालतच आले. त्यानंतर आधी दोनशे मीटर, मग पाचशे, मग एक किलोमीटर. पावलं छोटी, भरभर, टाच पुढे आपटू द्यायची नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्यानं ती जागा दाबून पाहायची. काही नाही, म्हणजे पुढचा टप्पा.

स्पर्धेच्या आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. पहाटे केळं आणि दोन खजूर. खिशात आणखी चार खजूर आणि मीठ-साखरेची पुडी. हलका पाऊस होता. समर्थ मंदिराशी ढोल वाजत होते, पोरं हात पुढे करून उभी होती, प्रत्येकाला टाळी द्यायची होती त्यांना. मी सगळ्यांना दिली. घाट सुरू झाला आणि मी पाढे सुरू केले. उभ्या चढावर चालले. वर धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाचा फक्त टी-शर्ट दिसत होता. उतरताना एका वळणावर धुकं फाटलं आणि खाली सगळा सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसला. तिथे जोरात सुटायचा मोह झाला. नाही सुटले. छोटी पावलं, छोटी पावलं, असं स्वतःशीच बोलत उतरले. 2 तास 51 मिनिटं. माझ्या जुन्या वेळेपेक्षा सदतीस मिनिटं जास्त, आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर वाकून नडगी दाबली. काही नाही.

आईला फोन केला, तिनं जेवलीस का विचारलं. अजून नाही, म्हटलं, घरी जाऊन करते.

घरी पोचायला साडेदहा झाले. फाटकाला दुधाच्या पिशव्या तशाच होत्या. आज शेजारच्या मुलाकडून दूध वर मागवून घ्या, असं मी काकूंना आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. मी पिशव्या घेऊन जिना चढले. काकू दारातच उभ्या होत्या. "आज फार उशीर केलास गं," म्हणाल्या आणि पातेलं पुढे केलं. तापवायला ठेवलं तर दूध फाटलं. काकूंनी त्यात साखर घालून ते आटवलं, वेलदोडा ठेचून टाकला आणि मला तिथेच ओट्याजवळ बसवून गरम गरम वाटीभर दिलं.