कॅम्परला डिझेलचे कॅन लावले

आज अख्खा दिवस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेला. पिकअपवरच्या कॅम्परला, म्हणजे मागं बसवलेल्या राहायच्या केबिनला, डिझेलचे कॅन आणि हत्यारांची पेटी बसवायची होती.

बरेच जण कॅन मागच्या दारावर लावतात. दिसायला नाद खुळा, पण मला काही पटत नाही. २० लिटर डिझेल म्हणजे साधारण १७ किलो, वर पत्र्याच्या कॅनचं वजन वेगळं. एवढं ओझं मागच्या चाकांच्याही मागं लटकलं की पुढची चाकं हलकी पडतात, करूळ घाटाच्या वळणांवर ते स्टेअरिंगला कळतं. शिवाय मागून कुणी ठोकलं तर पहिला मार इंधनालाच. म्हणून कॅन बाजूला, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, चासीला अँगल मारून. सायलेन्सर दुसऱ्या बाजूला आहे हे आधी वाकून बघून घेतलं.

पेटीचं ठरवताना मिस्त्री म्हणाले, "सायेब, नुसत्या पत्र्याला भोकं मारून भागतंय व्हय? खड्ड्यात आपटून फाटंल की!" मग आतून जाड लोखंडी पट्टी घातली, हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट लावले. कॅनखाली रबर टाकलं. पेटीत जॅक आणि व्हील पाना सगळ्यात वर. पंक्चर काढायला पावसात अख्खी पेटी उपसायची म्हणजे शिक्षाच.

कॅन गच्च भरणार नाही, उन्हानं डिझेल फुगतं.

रंग वाळायचाय अजून. रविवारी गगनबावड्यापर्यंत जाऊन बोल्ट परत आवळणार. पुढची एक सीट रिकामी आहे, कोण येतंय बोला. बिडीवाले सोडून.