मंद अतिनवताऱ्याचं मॉडेल: वक्र जुळला, पुढे काय?

व्हर्लपूल दीर्घिकेतला एसएन २००५सीएस हा मंद अतिनवतारा (ताऱ्याचा अखेरचा स्फोट, पण नेहमीपेक्षा कमी ऊर्जेचा) घ्या. प्रकाशवक्राचं (तेजाच्या काळानुसार आलेखाचं) पठार, म्हणजे तेज फारसं न बदलण्याचा टप्पा, जवळपास चार महिन्यांचं, स्फोटात बनलेलं किरणोत्सारी निकेल-५६ जेमतेम ०.००३ सौर वस्तुमान, ऊर्जा निम्म्या फोपेक्षाही कमी (१ फो म्हणजे १० चा ५१वा घात अर्ग). हबलच्या जुन्या चित्रांत सापडलेला मूळ तांबडा महाराक्षसी तारा साधारण ९ सौर वस्तुमानांचा. पण प्रकाशवक्रावरून केलेल्या एका मॉडेलमध्ये उडालेलं द्रव्यच १६ च्या आसपास निघालं!

असं होतं, कारण पठाराचं तेज आणि लांबी ही दोनच मोजमापं, आणि अज्ञात तीन: स्फोटाची ऊर्जा, उडालेलं वस्तुमान, मूळ ताऱ्याची त्रिज्या. उडालेल्या द्रव्याचा पन्नासाव्या दिवसाचा वेग घेऊनही सुटका नाही. फुगत्या द्रव्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान हायड्रोजनच्या पुनर्संयोगामुळे (सुटे इलेक्ट्रॉन अणूंना परत चिकटल्यामुळे) ६००० केल्विनच्या आसपास अडकलेलं असतं. तेज कळलं की त्या दिवशीच्या या पृष्ठभागाची त्रिज्या कळली, ती दिवसांनी भागली की वेग. नवं काहीच हाती लागत नाही. म्हणून मूळ ताऱ्याची त्रिज्या चित्रांवरून आधी बांधून घ्या, किंवा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले वेग मिळवा.

मेसामध्ये (ताऱ्याची उत्क्रांती मांडणारा संगणक-प्रोग्राम) तारा गाभा कोसळेपर्यंत न्यायचा, गाभा कापायचा, कापाच्या लगतच्या पातळ थरात ऊर्जा ओतायची, स्फोटाचा धक्का पृष्ठभागाजवळ आला की मॉडेल स्टेलाकडे (प्रकाशवक्र काढणारा प्रोग्राम) सोपवायचं. इथवर नेहमीचंच. मंद स्फोटात घोळ होतो तो ओतायच्या ऊर्जेत. वरच्या थरांची बंधनऊर्जा, म्हणजे त्यांना ताऱ्याच्या गुरुत्वातून सोडवायला लागणारी ऊर्जा, फोच्या काही दशांशांपर्यंत जाऊ शकते. १ फोच्या स्फोटात ती खपून जाते, ०.२५ फो हवे असताना ती त्यात वेगळी जमा केली नाही, तर स्फोट अर्धमेला होतो आणि आतलं द्रव्य परत कोसळतं. निकेल तिथेच असतं, तेही गिळलं जातं. त्यामुळे निकेल शेवटी, उरलेल्या द्रव्यात, हवं तेवढं घालणं बरं. धक्क्याला पृष्ठभागी यायलाही दुप्पट वेळ लागतो, साधारण अडीच दिवस. नेहमीच्या वेळेला सोपवलंत तर तो अजून आतच असतो.

ऊर्जा चौथाई केली की पठाराचं तेज एक-तृतीयांशाखाली जातं, लांबी मात्र सव्वापटच वाढते. म्हणून अंतराची चूक थेट ऊर्जेत उतरते. व्हर्लपूल दीर्घिकेचं अंतर ७.१ ऐवजी ८.६ मेगापार्सेक (१ मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) धरलं की तेज जवळपास दीडपट, आणि वस्तुमान-त्रिज्या तीच ठेवली तर ऊर्जा त्याहून थोडी जास्तच वाढते.