नऊ स्ट्रिपा, तीस दिवस

सोमवार. सकाळपासून सरीवर सरी.

गोव्यातल्या माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकच्या औषध-खिडकीवरचा प्रश्न ठरलेला असतो: "वर्षानुवर्षं मिळायची ती गोळी आताच का अडली?" ती गोळी म्हणजे ट्रामाडॉल, अफूच्या जातीचं वेदनाशामक. ते २०१४पासून शेड्यूल एच१मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहे आणि एप्रिल २०१८पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली सायकोट्रॉपिक, म्हणजे मनावर परिणाम करणारं द्रव्य म्हणूनही धरलं जातं. म्हणून फार्मसीवाल्याला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग एका वेगळ्या रजिस्टरात लिहावे लागतात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीवर नुसतं 'चालू ठेवा' असेल, तारीख जुनी असेल किंवा झेरॉक्स असेल, तर तो परत पाठवतो. त्याच्यावर चिडून काही साधत नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि एकूण नग हे पाचही आहेत ना, ते डॉक्टरांच्या टेबलासमोरून उठण्याआधीच बघायचं. पेडण्याहून दोन बसी बदलून आलेल्या माणसाला त्या एका आकड्यासाठी परत फिरावं लागलं, तर कमरेचं दुखणं दुप्पट होतं ते वेगळंच.

हिशेब सोपा आहे. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसाला तीन, महिन्याच्या नव्वद, म्हणजे नऊ स्ट्रिपा. हातात सहाच पडल्या तर बहुतेक फौजी वीस दिवस पूर्ण डोस घेतात आणि एकविसाव्या दिवशी एकदम थांबतात. खरा घात इथे होतो. सहा स्ट्रिपा मिळाल्या त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं, तर डोस सावकाश उतरवायला सुरुवात करायला वीस दिवस हाताशी असतात.

बुधवार. उघडीप, पण दमट.

गोळी अचानक तुटली की एक-दोन दिवसांत घाम, जांभया, नाक गळणं, जुलाब, रात्री पाय स्वस्थ न राहणं सुरू होतं. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं, म्हणून घाबरल्यासारखं होतं आणि डोक्यात झिणझिण्याही येतात. श्रावणात अर्ध्या गावाला व्हायरल झालेला असतो, त्यामुळे घरचे याला ताप समजतात आणि माणूस स्वतः समजतो की जुनं दुखणं वाढलं. दोन्ही चूक. मात्र थर्मामीटरवर ताप खरंच चढलेला दिसला तर तो गोळी तुटल्याचा म्हणून सोडून द्यायचा नाही, डेंग्यूची तपासणी करायची. आणि तोवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या दुखण्यावरच्या गोळ्यांना हात लावायचा नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

वर्षाहून जास्त काळ घेतलेलं औषध महिन्याला साधारण दहा टक्क्यांनी उतरवतात. १५० मिलिग्रॅमचे दहा टक्के म्हणजे १५. पण ५०ची कॅप्सूल पंधरा मिलिग्रॅमने कापता येत नाही, आणि एसआर लिहिलेली, म्हणजे सावकाश सुटणारी गोळी तर मोडायचीच नाही: बारा तासांचं औषध एकदम पोटात सुटतं. इथे ३७.५ ट्रामाडॉल आणि ३२५ पॅरासिटामॉलची जोडगोळी उपयोगी पडते. तीनपैकी एक ५०ची काढून ही दिली की साडेबारा मिलिग्रॅम कमी होतात, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. हे डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. आपण एवढंच करायचं की घरातलं पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीतलं धरून, सगळं एकत्र मोजायचं. रोज पेग घेणाऱ्याच्या यकृताला चार ग्रॅमची नेहमीची कमाल मर्यादाही जड जाते; त्याने दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये.

पेगवरून आणखी एक. कँटीनची रम असो, काजूची फेणी असो, ट्रामाडॉल आणि झोपेची गोळी यांच्या सोबतीला ती आली की रात्री श्वास मंदावतो. 'आज गोळी नाही, मग दोन पेग जास्त' हे ऐकायला फार सोपं वाटतं.

शुक्रवार.

बदली औषधांचा गोंधळ. शेजाऱ्याकडून मागून आणलेली डायक्लोफेनॅक, त्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी, असं तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो. भाताच्या शेतात उभं राहून पाणी कमी प्यायलं की तो आणखी वाढतो. जेल त्या मानाने सुरक्षित आहे, पण लोक शेंगदाण्याएवढं लावतात आणि म्हणतात, काही उपयोग नाही. एक टक्क्याचं डायक्लोफेनॅक जेल गुडघ्याला एका वेळी चार ग्रॅम, दिवसातून चारदा असं लावायचं असतं. त्या हिशेबाने तीस ग्रॅमची ट्यूब दोन दिवससुद्धा पुरत नाही. जेल लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी मात्र नको.

शिरेच्या दुखण्यासाठी रात्री दहा मिलिग्रॅम नॉर्ट्रिप्टिलिन दिली असेल तर दोन-चार आठवडे थांबावं लागतं. पाचव्या दिवशी 'लागू पडत नाही' म्हणून सोडलेल्या स्ट्रिपा घरोघरी सापडतील. प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगायचं, लघवी तुंबते. शिरेच्या दुखण्याचीच दुसरी गोळी ड्युलोक्सेटिन आणि ट्रामाडॉल एकत्र घेताना सांभाळायचं: सेरोटोनिन वाढून थरथर सुटते, क्वचित आकडीही येते.

शनिवार. रात्रभर पाऊस.

पाय गेलेल्यांचं गणित वेगळं. आधी ओळखायचं, दुखतंय ते खुंटात की नसलेल्या पावलात. खुंट दुखत असेल तर बहुधा सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, नीट बसत नाही, किंवा लायनर, म्हणजे खुंटावरचं मऊ आवरण, ओला आहे. पावसाळ्यात तो रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन लागतात. एखाद्या गाठीवर टिचकी मारल्यावर वीज सळसळली, तर ते शिरेचं टोक असू शकतं, डॉक्टरांना दाखवायचं.

नसलेलं पाऊल दुखत असेल तर आरसा. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात सुचवलेली ही युक्ती अमेरिकेतल्या जखमी सैनिकांवर चार आठवडे, रोज पंधरा मिनिटं तपासली गेली. तिचा निष्कर्ष २००७मध्ये छापून आला, दुखणं उतरलं होतं. कपाटाच्या दाराएवढा आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा करायचा, चकचकीत बाजू धड पायाकडे, खुंट पलीकडे झाकलेला. आरशात बघत दोन्ही पावलं सावकाश हलवतोय असं करायचं. धड पायातला काळा दोरा किंवा मोजा काढून ठेवायचा, नाहीतर मन फसत नाही. पहिल्या काही दिवसांत दुखणं वाढलं किंवा गरगरलं तर पाच मिनिटांवर थांबायचं. दोन्ही पाय गेलेल्यांना हा उपाय नाही.

रविवार.

चतुर्थी तोंडावर. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला हात डोक्यावर, पूजेला पाटावर मांडी, आणि 'यंदा मीच करणार' हा हट्ट. तीन दिवस घड्याळ लावून बघायचं, दुखणं सुरू व्हायला किती वेळ लागतो: २५, १५, २० मिनिटं. सरासरी २०, त्यातून पाचवा भाग वजा, राहिली १६. सोळाव्या मिनिटाला, दुखत नसलं तरी, उठायचं. पुढच्या आठवड्यात दीड-दोन मिनिटं वाढवायची. चांगल्या दिवशी दोन तास राबून पुढचे तीन दिवस आडवं पडणाऱ्यालाच महिन्याच्या गोळ्या आधी संपतात. माटोळीची फळं बांधायची असतील तर चौकट खाली टेकवून बांधून घ्यावी, वर चढवायचं काम पोरांवर सोपवावं.

चतुर्थीच्या सुट्ट्यांत खिडकी बंद, आणि गावातला फार्मसीवालाही आपल्या मूळ घरी गेलेला. उरलेल्या गोळ्या आजच मोजायच्या, दिवसांच्या संख्येने भागायच्या, आणि सुट्टीच्या सात दिवस आधीच्या चौकोनावर कॅलेंडरात नव्या गोळ्या आणायची खूण करायची. शेवटची स्ट्रिप फोडायच्या दिवशी ती खूण मागे पडलेली असायला हवी.